छातीचा फोटो

जुनी एक्स-रे फिल्म किलोवर विकली जाते. भंगारवाला ती रद्दीच्या भावाने घेत नाही, कारण तिच्यात चांदी असते. फिल्मवर जे काळं दिसतं ती चांदी. जितकी प्लेट काळी तितका भाव चांगला. निरोगी फुप्फुसात हवा भरलेली असते, ती प्लेटवर काळीभोर उतरते. क्षयाचा डाग पांढरा उतरतो. म्हणजे भंगाराच्या हिशेबात धडधाकट माणसाची छाती महाग आणि क्षयरोग्याची स्वस्त. ३६ वर्षं मी परळच्या एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन होतो. डार्करूममध्ये हायपोच्या वासात उभं राहून हा विनोद मी नव्या पोरांना हमखास सांगायचो. आता सगळं डिजिटल झालंय. फिल्म नाही, चांदी नाही आणि विनोदही नाही.

गिरणगावात एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नसे. ‘छातीचा फोटो काढायचाय’ म्हणत. फोटो म्हटल्यावर माणसं फोटोसारखीच वागत. शर्ट काढायला सांगितला की कावरीबावरी होत, पण त्याआधी खिशातून कंगवा काढून भांग पाडणारे मी कितीतरी पाहिलेत. एक आजोबा म्हणाले होते, हसू का? मी म्हटलं, हसा, काही बिघडत नाही.

आमच्या घरात माझ्या वडिलांचे, आबांचे, एकूण चार फोटो. एक लग्नाचा, तीन छातीचे. लग्नाच्या फोटोत टोपी आहे, कोट आहे, तोही स्टुडिओवाल्याचा. बाकीच्या तीन फोटोंत आबा स्वतःचे, अगदी आतून. १९७४, १९७९ आणि १९८४. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने नंबर आणि तारीख. लाखो गिरणी कामगारांची शहराने काढून ठेवलेली चित्रं म्हणजे बहुतेक एवढीच.

दुसऱ्या एका माणसाने त्यांची चित्रं काढली. तो मला फार उशिरा भेटला. भेटला म्हणजे भिंतीवर.

त्याआधी चाळीबद्दल. आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. छातीचा फोटो काढताना ट्यूब आणि फिल्म यांत सहा फूट अंतर ठेवतात, नाहीतर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. आमच्या खोलीत आठ माणसं. कुणापासूनही सहा फूट लांब जाऊन उभं राहता आलं नसतं. आमच्या घरात सगळ्यांचीच हृदयं मोठी दिसायची, असं मी बायकोला एकदा म्हणालो. ती म्हणाली, हे तुमचं डार्करूममधलं बोलणं घरात नको.

आबा १९५२ मध्ये गिरणीत लागले, कार्डखात्यात. तिथे का, याला एक गोष्ट आहे. गिरणीत पगार चांगला तो साचेखात्यात, म्हणजे विणाईत. पण धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. आमच्या माणसांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे, म्हणून आम्हांला साचेखातं बंद. १९२८ चा संप सहा महिने चालला. त्या संपाच्या मागण्यांमध्ये सगळी खाती सगळ्यांना खुली करा, ही मागणी घ्यायला बाबासाहेबांनी लावलं. ते तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. आजोबा त्या संपात होते. आबांच्या काळात कागदावर बंदी नव्हती, पण साचेखात्यात लावून देणारा जॉबर आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या पोराला लावणार, हे ठरलेलं. आबा निमूट कार्डखात्यात गेले. धोटा चोखून क्षय पसरतो असं पुढे डॉक्टर सांगू लागले, तेव्हा आबा म्हणाले होते, बघ, विटाळाने आम्हांला तेवढं वाचवलं. ते हसत होते का, हे मला त्या वयात कळलं नाही.

वाचवलं असं नाही. कापूस गाठीतून फुटतो तो ब्लोरूममध्ये आणि पिंजला जातो तो कार्डखात्यात. गिरणीतली सगळ्यात वाईट धूळ या दोन ठिकाणी. त्या धुळीत नुसता कापूस नसतो. झाडाची पानं-सालं असतात, त्यांच्यावरचे जंतू आणि जंतूंचं विष असतं. ते श्वासातून गेलं की श्वासनळ्या आवळतात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विचित्र आहे. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी कामावर गेल्यावर छाती जड होते, धाप लागते. मंगळवारी थोडं बरं. मग वर्षं जातात तसा मंगळवारही जड होतो, बुधवारही, आणि शेवटी आठवड्याचे सगळे वार सारखेच. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या अशाच वारांवरून. इथे परळला केईएमच्या डॉ. एस. आर. कामतांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या. आबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. ते म्हणायचे, ‘आज सोमवार बसलाय.’ छातीवर हात ठेवायचे आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळाने धूळ खाली जाते, अशी कार्डखात्यातली समजूत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. बिसिनोसिस प्लेटवर दिसत नाही. शेवटी शेवटी फुप्फुसं फुगलेली दिसतात, पण ती विडी ओढणाऱ्याचीही दिसतात. बराच काळ प्लेट स्वच्छच येते. हा आजार पकडायचा तर माणसाला विचारावं लागतं, सोमवारी कसं वाटतं? आणि पाळी सुरू व्हायच्या आधी व सुटल्यावर नळीत फुंकायला लावून दम मोजावा लागतो. कायद्याच्या यादीत कापसाच्या धुळीचा आजार आहे, भरपाईची तरतूद आहे. पण टेबलापलीकडच्या माणसाला कागद हवा असतो. १९८४ मध्ये आबा ज्या टेबलासमोर उभे होते, त्या टेबलावर प्लेट उजेडाला धरली गेली आणि सांगितलं गेलं, ‘प्लेट क्लिअर आहे.’ कोणतं टेबल, कोण साहेब, ते जाऊ दे. आबा घरी आले आणि आईला म्हणाले, छाती चांगली आहे म्हणतात.

त्यांच्या १९७९ च्या फिल्ममधून मी सूर्य पाहिलाय. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारहून पुढे हैदराबादकडे गेला, मुंबईत खंडग्रास होतं. पण शहर इतकं घाबरलेलं की दुपारी डिलाईल रोडवर कुत्रं नव्हतं. आमच्या चाळीत ग्रहण पाळायचं नाही म्हणून मुद्दाम चहा ठेवले होते, कुणी कांदाभजी तळली होती. आम्ही पोरं गच्चीत. कुणीतरी म्हणालं, काळी काच पाहिजे. मी घरातून आबांची प्लेट आणली. आम्ही आठ-दहा जणांनी पाळीपाळीने ती डोळ्यांपुढे धरली. मी उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातून पाहिलं, तिथे काळं सगळ्यात गडद होतं. दोन बरगड्यांच्या मध्ये, एका बाजूने खाल्लेला सूर्य. पुढे शिकल्यावर कळलं की असं मुळीच पाहू नये, फिल्मने डोळा वाचत नाही. डोळे शाबूत राहिले हे नशीब. आबा खाली दाराशी बसून चहा पीत होते. त्यांना विचारलं, तुम्हांला बघायचंय? म्हणाले, माझ्याच छातीतून मी काय बघू?

मुलगी कलाशिक्षण घेत होती. २०२० च्या जानेवारीत ती म्हणाली, ‘पप्पा, एका चित्रकाराचं मोठं प्रदर्शन लागलंय. तुमच्याच लाइनमधला आहे.’ मी म्हटलं, आमच्या लाइनमधला चित्रकार कसा? ती म्हणाली, रेडिओलॉजिस्ट.

सुधीर पटवर्धन. १९४९ चा जन्म, पुण्याचा. तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईला आले. १९७५ पासून २००५ पर्यंत, तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजीची प्रॅक्टिस. चित्रकलेच्या शाळेत शिकलेले नाहीत. दिवसा प्लेटी वाचायच्या आणि उरलेल्या वेळात रंगवायचं. पहिलं एकल प्रदर्शन १९७९ मध्ये दिल्लीला, अल्काझींच्या आर्ट हेरिटेजमध्ये. आम्ही टेक्निशियन लोक रेडिओलॉजिस्टला थोडं वचकून असतो. आम्ही काढायचं, त्यांनी वाचायचं. आमची प्लेट हलली असेल तर तेच ओरडणार. त्यामुळे त्या हॉलच्या पायऱ्या चढताना मला उगाच वाटत होतं की कुणीतरी विचारेल, हे एक्सपोजर कुणी दिलं?

हॉल म्हणजे फोर्टातला कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा. जुन्या माणसांना तो सभांचा आणि गाण्यांचा हॉल म्हणून ठाऊक. १९९६ पासून तिथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. प्रदर्शन नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं, खालपासून वर घुमटापर्यंत त्या एकाच माणसाची चित्रं, जवळपास पन्नास वर्षांची.

पहिल्या मजल्यावरच मला अडायला झालं. सत्तरच्या दशकातली चित्रं. एकेक माणूस, बसलेला, उभा, लोकलमधला, हॉटेलातला. अंगं जड. मनगटं जाड, पंजे चेहऱ्यापेक्षा मोठे वाटावेत असे, माना खांद्यांत रुतलेल्या. शरीरशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे बघायला गेलं तर ही हाडं अशी बसत नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. आणि हे रंगवणाऱ्याला हाडं कशी बसतात ते माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक. म्हणजे चुकून झालेलं नाही. प्लेटमध्ये आम्ही काय करतो? मांस काढून टाकतो. किरण आरपार गेले की कातडी, चरबी, स्नायू, सगळं धुक्यासारखं विरतं आणि उरतात बरगड्या. माणूस किती कमी जागेत मावतो ते तिथे दिसतं. दिवसभर ते पाहिलेल्या माणसाने संध्याकाळी ते सगळं मांस परत अंगावर चढवलं होतं, थोडं जास्तच.

मुलगी फोनवर काहीतरी शोधत होती. तिने एक चित्र दाखवलं. एल. एस. लाऊरी, इंग्लंडचा, मँचेस्टरकडचा, १८८७ ते १९७६. नोकरी घरभाडं वसूल करायची आणि चित्रं गिरण्यांची. १९३० चं त्याचं एक चित्र, गिरणी सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं. काड्यापेटीतल्या काड्यांसारखी. वाकलेली, काळी, एकासारखी एक. शिलिंगने ज्यांचे सोमवार मोजले, ती हीच माणसं किंवा त्यांचे शेजारी. मला ते चित्र आवडलं, खोटं कशाला बोलू? भोंगा झाल्यावर आमच्या पुलावरून गर्दी अशीच दिसायची, वरून. पण वरून पाहणारा भाडं वसूल करणारा असतो. आबा काडी नव्हते. शेवटची दोन वर्षं सोडली तर ते भरभक्कम होते, पोट होतं, खांद्यावर गाठ होती. तो माणूस आजारी आहे हे त्याच्याकडे बघून कळायचं नाही आणि प्लेटकडे बघूनही नाही. कळायचं ते फक्त तिसऱ्या मजल्याचे जिने चढताना मध्येच एका पायरीवर तो कठड्याला पाठ टेकून उभा राहायचा, त्या उभं राहण्यावरून. कुणी आलं तर खाली बघत असल्याचं सोंग करायचा.

ते उभं राहणं मला त्या हॉलमध्ये दिसलं.

घराघरांत तेव्हा चित्रं काय होती, ते आठवून पाहा. मुळगावकरांचे देव कॅलेंडरवर, गोरे, गुबगुबीत. दलालांच्या बायका ‘दीपावली’च्या मुखपृष्ठावर. आमच्याकडे बुद्ध आणि बाबासाहेब. त्याच्याही आधी धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं काढली होती, १९१२ च्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ पुस्तकात ती आहेत; पण ती नमुने म्हणून, कुठल्या जातीचा माणूस कसं पागोटं घालतो ते कळावं म्हणून. लालबाग-परळच्या मूर्तीशाळांत दरसाल बारा-पंधरा फुटांची बलदंड शरीरं घडत होती. घडवणारे हात मात्र काटकुळे. कार्डखात्यातल्या माणसाचं शरीर कुणी भिंतीवर लावायचं, हा विचार आमच्याही डोक्यात आला नव्हता. नारायण सुर्व्यांनी ते शब्दांत आणलं. ते गिरणी कामगाराने उचलून वाढवलेलं मूल, त्यांना वेगळं शोधायला जावं लागलं नाही. पटवर्धन बाहेरून आले. डॉक्टर, पुण्याचे, आडनाव पटवर्धन. मी आमच्या चाळीतल्या एका मित्राला प्रदर्शनाबद्दल सांगितलं तर तो लगेच म्हणाला, आपली माणसं रंगवून विकली आणि कुणाच्या दिवाणखान्यात लागली? हा प्रश्न मला टाळता येत नाही. चित्रं विकली गेली आणि दिवाणखान्यात लागली, हे खरंच आहे. आमच्या २०७ चाळींतल्या एकाही खोलीत त्यांचं चित्र असेल असं मला वाटत नाही. पण प्लेटी तरी कुठे आमच्या होत्या? त्या काढणारा मी, वाचणारा साहेब, निकाल तिसऱ्याचा. या चित्रात निदान निकाल दिलेला नाही.

डॉक्टर असून शरीराने झपाटलेला मुंबईत आणखी एक चित्रकार होऊन गेला, गीव्ह पटेल. जनरल प्रॅक्टिशनर, चित्रकार आणि कवी. २०२३ मध्ये गेले. १९७६ च्या त्यांच्या कवितासंग्रहाचं नावच ‘हाउ डू यू विथस्टँड, बॉडी’ असं आहे. शरीरालाच विचारलंय, बाबा, तू हे सोसतोस कसं? मला वाटतं, रोज वीस-पंचवीस अंगं तपासणाऱ्या माणसालाच हा प्रश्न पडतो. आम्हांलाही पडतो, पण आमच्याकडे रांग असते.

१९८१ च्या नोव्हेंबरात जहांगीर आर्ट गॅलरीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि पटवर्धन. चित्रात माणसाला परत जागा द्यायची, असा त्या सहा जणांचा आग्रह. तारीख पाहून मी चमकलो. कारण त्याच महिन्यात गिरणगावात माणसाच्या जागेचीच बोलणी चालली होती. बोनसवरून ठिणगी पडली होती, कामगार घाटकोपरला दत्ता सामंतांकडे चकरा मारत होते. तेही डॉक्टरच, परळच्या जी. एस. मेडिकलचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप रीतसर कुणी मागे घेतला नाही, म्हणजे कागदोपत्री तो आजही चालू आहे असं आबा शेवटपर्यंत म्हणायचे. ‘मी रिटायर नाही, संपावर आहे.’

संपाच्या पहिल्या महिन्यांतलं एक सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. आबांची छाती सुधारली. सोमवार यायचा आणि जायचा, काही व्हायचं नाही. घरात डाळ नाही, दूधवाल्याची उधारी, आईचं मंगळसूत्र सोनाराकडे, आणि आबा तीन मजले न थांबता चढतायत. एकदा वर येऊन ते आईला म्हणाले, बघ, दम नाही लागला. आई चुलीकडे बघत राहिली. पोट रिकामं आणि छाती मोकळी, दोन्ही एकदम. १९८४ मध्ये गिरणी अर्धवट सुरू झाल्यावर त्यांना बदली म्हणून घेतलं. महिनाभरात सोमवार परत येऊन बसला, आणि त्यानंतर ते त्या टेबलासमोर उभे राहिले.

त्या दोन वर्षांत घर आईने चालवलं. पहाटे साडेतीनला उठून दादरला भाजी आणायला. लोअर परळहून पहिली गाडी, दादरच्या घाऊक बाजारात खरेदी, डोक्यावर पाटी घेऊन परत, आणि मग पुलाच्या पायथ्याशी मेथी-पालक मांडून बसणं. सहा वाजता गिऱ्हाईक यायचं तेव्हा बसलेलं असायला हवं, म्हणून ती धावायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, अंगाने चांगली जाड बाई, धावायची. आम्हांला लाज वाटायची. पटवर्धनांचं १९७७ चं एक चित्र आहे, ‘रनिंग वुमन’. मुलीने आणलेल्या पुस्तकात मी ते प्रथम पाहिलं आणि पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने परत उघडलं. धावणाऱ्या बायका चित्रात सडपातळ असतात अशी आपली समजूत. ही तशी नाही.

त्यांची पुढची मोठी चित्रं, अख्खं शहर कवेत घेणारी, मला तितकी लागत नाहीत. माझी नजर एका छातीवर थांबायला शिकलेली आहे. तिला पन्नास माणसं आणि चाळीस इमारती एकदम दिल्या की ती गडबडते. पण २००१ चं ‘लोअर परळ’ पाहताना मी बराच वेळ उभा होतो. चिमण्या आहेत आणि नवे टॉवर उठतायत, दोन्ही एकाच वेळी. ती मधली वर्षं आम्ही रोज पाहिली. चिमणीतून धूर येत नव्हता, पण ती पाडलेलीही नव्हती. मिलच्या जागेत आधी बोलिंगचा खेळ आला, मग मॉल. गिरणीच्या गेटवर वॉचमन म्हणून आमचीच पोरं, ज्यांच्या बापांची हजेरी त्याच गेटवर लागायची. आता ते चित्र पाहणाऱ्या कुठल्याही विशीतल्या पोराला चिमणी कुठे होती हे बोटाने दाखवावं लागेल.

आमचा डिलाईल रोडचा पूलही गेला. अंधेरीचा पूल पडल्यावर सगळ्या पुलांची तपासणी झाली, त्यात आमचा धोकादायक ठरला. २०१८ च्या जुलैत बंद, मग पाडला, आणि नवा पुरा व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. आई बसायची ती जागा कुठली, हे मला आता सांगता येणार नाही. पूल बंद झाला त्याच्या आदल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ ला, पलीकडच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. सकाळची वेळ, पाऊस, अरुंद जिना. चेंगरून जाणाऱ्या माणसाचं हाड मोडलेलं असेलच असं नाही. छातीला फुलायला जागा मिळत नाही, एवढंच होतं. हवा सगळीकडे असते, पण आत घ्यायला दोन इंच लागतात. अशा छातीचा फोटो काढला तर तोही क्लिअर येऊ शकतो.

तर मी त्या हॉलमध्ये, एका बसलेल्या माणसाच्या चित्रासमोर. मुलगी मागून आली आणि हसायला लागली. म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही प्रत्येक चित्रापासून सारखंच अंतर ठेवून उभे राहताय.’ मी पायाखाली बघितलं. सहा फूट. छत्तीसातली एकतीस-बत्तीस वर्षं तेव्हा झाली होती, पाय आपोआप थांबत होते. ती म्हणाली, जवळ जा, रंग कसा लावलाय ते बघा. मी म्हटलं, जवळ गेलं की मोठं दिसतं. मग तिने विचारलं, कसं आहे चित्र? मला चित्राबद्दल बोलता येत नाही. मी म्हटलं, याची प्लेट घ्यायची तर अवघड आहे, हनुवटी खाली आहे, खांदे पुढे आलेत तेवढं बरं, पण श्वास अर्धाच घेतलाय. हा माणूस ‘खोल श्वास घ्या’ म्हटल्यावर एवढाच घेणार. यापेक्षा जास्त त्याच्याकडे नाही. मुलगी काही बोलली नाही. दोन महिन्यांत सगळ्या जगाला सहा फुटांवर उभं राहायला शिकवलं गेलं आणि माझ्या खोलीबाहेर पुन्हा छात्यांची रांग लागली. तेव्हा मात्र प्लेटवर दिसत होतं.

पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी केली तेव्हा माळ्यावर आबांच्या तिन्ही प्लेटी सापडल्या. आईने त्या भंगारात घातल्या नव्हत्या. १९७९ च्या प्लेटवर आमच्या बोटांचे ठसे, ग्रहणाच्या दिवसाचे असावेत. मुलीला चित्रासाठी हव्या होत्या, म्हणून मी त्या एकेक करून खिडकीला धरल्या आणि तिला वाचून दाखवल्या. ही हंसळी, हे हृदय, हा पडदा. १९७४ ची धरली तेव्हा ती म्हणाली, हा डाग कसला? डाव्या फुप्फुसाच्या खाली, बारीक, काळी चंद्रकोर. मी नीट पाहिलं. तो आबांचा नाही. अंधारात फिल्म हँगरला लावताना जरा दुमडली गेली की तिथे नखाच्या आकाराची अशी कोर उठते. आम्हांला शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगतात, बोटं नीट ठेवा. कुणातरी टेक्निशियनचा अंगठा. घाईत असेल. बाहेर रांग असेल.